बटणं आणि छर्रे

लेक : बाबा, हा डबा इतका जड कसा झाला?

बाबा : कुठला डबा?

लेक : आईच्या टपरीतला. किल्ल्या घासायच्या यंत्राखाली असतो तो. दोन्ही खण काठोकाठ भरलेत. एकात बटणं, एकात सायकलचे छर्रे. झाकणसुद्धा लागत नाहीये.

बाबा : तू टपरी उघडलीस कशाला? तुला मी चहा टाकायला सांगितलं होतं.

लेक : चहा टाकला, तुम्ही प्यायलात, कप तुमच्या पायाशी पडलाय. बोर्ड कुठे लावायचा ते बघायला उघडली टपरी. तुमच्या दुकानाच्या भिंतीवर ग्रीस नाही अशी वीतभर जागा नाही.

बाबा : ग्रीस आहे म्हणजे धंदा चालू आहे. आणि बोर्ड लावायचं ठरलं कधी?

लेक : काल जेवताना. तुम्ही मान हलवलीत.

बाबा : मान दुखत होती. हलवून बघत होतो.

लेक : बाबा, उद्या सकाळच्या गाडीने मी परत जाणार. त्याआधी हा पैसे घ्यायच्या कोडचा बोर्ड लावायचा, हा छोटा स्पीकर जोडायचा आणि तुम्हाला शिकवायचं. समोर शिंपीणमावशींनी कधीच लावला. परवा डाकवाला तुमच्यासमोर फोन धरून उभा होता, 'कोड कुठाय, कोड कुठाय' करत. तुम्ही त्याला पाना दाखवलात.

बाबा : पाना हातात होता म्हणून दिसला त्याला. दाखवला नाही.

लेक : तो गेला ना चौकातल्या दुसऱ्या सायकलवाल्याकडे.

बाबा : जाऊ दे. तो चाकाचा आउट काढतो म्हणतो आणि होतं तेही चाक वाकडं करतो. आठवड्यात येईल परत.

लेक : येईल. पण कोड विचारत येईल. तुमची नेमकी अडचण काय आहे, ते एकदा सांगा. फोन चांगला आहे, मीच दिलाय. बँकेत खातं आहे.

बाबा : अडचण अशी की पैसे म्हणे हवेतून येतात. अगं, हवेतून हवाच येते. मी आयुष्यभर ट्यूबमध्ये भरत आलोय, मला माहीत आहे.

लेक : हवेतून पैसे येत नाहीत. फक्त शब्द येतो.

बाबा : शब्दावर कोण विश्वास ठेवतं आजकाल?

लेक : तुम्ही ठेवत होतात. आईच्या.

बाबा : ती गोष्ट वेगळी.

लेक : अजिबात वेगळी नाही. बरं, मला सांगा, तुम्ही, शिंपीणमावशी आणि आई मिळून देण्याघेण्याचं ते कसं चालवायचात?

बाबा : तुला माहीत आहे. इथेच खेळत वाढलीस की.

लेक : तुमच्या तोंडून हवंय. आमच्या बँकांच्या केंद्रात नवीन माणसं आली की मी त्यांना पहिल्या दिवशी हेच सांगते.

बाबा : तुझ्या आईचं सांगतेस? तिथे, त्या काचेच्या इमारतीत?

लेक : दर वेळी. त्यांना वाटतं मी गोष्ट रचलीय. सांगा ना, काय व्हायचं?

बाबा : काय व्हायचं... सुट्यांची बोंब व्हायची. समज, डाकवाला समोर पँट आखूड करून घ्यायला गेला. नोट मोठी दिली. बाईंकडे परत द्यायला सुटे नाहीत. त्याची सायकल माझ्याकडे, पंक्चर काढून तयार, आणि त्याच्या खिशात आता काहीच नाही. मग बाई म्हणायच्या, तुझे उरलेले मी सायकलवाल्याकडे वळते करते.

लेक : मग त्या तुम्हाला हाक मारून सांगायच्या.

बाबा : तसंच करायचो सुरुवातीला. पण माझा हा कान बाद. त्या म्हणायच्या एक पंक्चर, मला ऐकू यायची दोन, आणि आमचं भांडण रस्त्याच्या मधोमध. तुझ्या आईची टपरी कोपऱ्यावर, दोघांनाही दिसेल अशी. ती वैतागली. म्हणाली, आता तुम्ही एकमेकांशी बोलायचं नाही. जे काय ते माझ्याशी.

लेक : आणि?

बाबा : आणि काय. आधी ती तिकडे विचारायची, 'बाई, याचे तुमच्याकडे आहेत का?' बाई म्हणायच्या, 'आहेत.' मग इकडे मान वळवायची. 'अहो, घेताय का?' मी म्हणायचो, 'घेतो.' मग ती एक बटण डब्यात टाकायची. बटण म्हणजे बाई मला देणं लागतात. उलट असलं, म्हणजे मी बाईंना देणं लागत असलो, तर छर्रा. आणि मोठ्याने म्हणायची, 'धरलं.' की डाकवाला सायकलवर टांग टाकून मोकळा.

लेक : तुमच्या हातात पैसे पडलेले नसताना?

बाबा : ते शनिवारी. शनिवारी संध्याकाळी तिघं बसायचो, डबा उपडा करायचो. एका बटणाला एक छर्रा फिटला. उरेल त्याचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे.

लेक : पण डाकवाल्याला शनिवारपर्यंत थांबावं लागत नसे.

बाबा : 'धरलं' म्हटल्यावर त्याला अडवणार कोण?

लेक : झालं. एवढंच आहे ते. आता हा बोर्ड बघा. डाकवाला याच्यासमोर फोन धरेल. आधी त्याला तुमचं नाव दिसेल, म्हणजे आपण चुकीच्या दारात तर उभे नाही ना, हे त्याला कळेल. मग तो रक्कम टाकेल. मग त्याचा गुप्त आकडा. ती त्याची किल्ली. त्याच्याशिवाय त्याचं कुलूप उघडत नाही. आता त्याची बँक म्हणजे समोरच्या मावशी. तुमची बँक म्हणजे तुम्ही. आणि मी जिथे कामाला आहे ते केंद्र म्हणजे आईची टपरी. केंद्र त्याच्या बँकेला विचारतं, याचे तुमच्याकडे आहेत का? ती त्याच्या खात्यातून बाजूला काढते आणि म्हणते, आहेत. मग केंद्र तुमच्या बँकेला विचारतं, घेताय का? ती तुमच्या खात्यात मांडते आणि म्हणते, घेतले. मग केंद्र दोन्हीकडे सांगतं...

बाबा : धरलं.

लेक : हो. आणि हा स्पीकर बोलतो.

बाबा : एवढ्या हाका मारायला वेळ किती जातो?

लेक : तुम्ही व्हॉल्व्हला थुंकी लावून बुडबुडा येतो का बघता ना? तेवढा.

बाबा : आणि मी उत्तरच दिलं नाही तर? मी चाकाखाली असलो, कान बाद...

लेक : तेव्हा आई काय करायची?

बाबा : दोनदा हाक मारायची. मग म्हणायची, 'परत घ्या बाई, इकडे मेलेत बहुतेक.'

लेक : तसंच. तुमच्या बँकेचं उत्तर आलं नाही, तर केंद्र सांगतं, याचे याला परत घ्या. कधी जरा लटकतं, पण परत जातं.

बाबा : 'मेलेत बहुतेक' असं म्हणतं केंद्र?

लेक : नाही. तेवढं आईचंच.

बाबा : हं. आणि मधल्या वेळात पैसे तुमच्याकडे राहतात. त्यावर तुमची चैन.

लेक : आमच्याकडे पैसा येतच नाही, बाबा. आईच्या डब्यात कधी नोट बघितलीत?

बाबा : नाही. तिला म्हटलं होतं मी, थोडे पैसेच ठेव ना मधे. म्हणाली, मधल्या माणसाने पैशाला हात लावला की दोघंही त्याच्या हाताकडे बघतात.

लेक : हे मला तुम्ही कधी सांगितलं नव्हतं. हेसुद्धा सांगेन त्यांना.

बाबा : सांग. पण तिचं म्हणून सांग.

लेक : तर, समजलं ना सगळं?

बाबा : समजलं.

लेक : मग लावू बोर्ड?

बाबा : स्क्रू नाहीत.

लेक : सायकलच्या दुकानात स्क्रू नाहीत?

बाबा : या मापाचे नाहीत.

लेक : बाबा, तुम्हाला भीती न कळण्याची नाही वाटत. दुसरीच कसलीतरी वाटते. आणि ते या डब्यात आहे.

बाबा : डब्यात जुनी बटणं आहेत.

लेक : जुनी? आई गेल्यापासून 'धरलं' म्हणायला कोणी नाही. तुम्ही दोघं एकमेकांना हाक मारत नाही. गिऱ्हाइकं आता तिकडे थेट फोनवरून देतात. आणि गेल्या शनिवारी हा डबा तुम्ही दोघांनी उपडा केलात, त्याचा फोटो मावशींनीच मला पाठवला. चहाचे दोन कप आणि मोकळा डबा. आज शुक्रवार आहे. मग एका आठवड्यात हे सगळं आलं कुठून?

बाबा : तू बोर्ड लाव. स्क्रू त्या लाल डबीत आहेत.

लेक : मावशी! ओ मावशी! जरा इकडे येता का?

बाबा : त्यांना कशाला बोलावतेस? कामात असतील.

लेक : त्या तुम्हाला बघायला खिडकीतच बसलेल्या असतात. आल्या बघा.

मावशी : आले, आले. थांब, तोंडातल्या टाचण्या काढू दे. हां. काय गं, लागला का बोर्ड? की यांची मान अजून दुखतेय?

लेक : मानेचं तुम्हाला कसं कळलं?

मावशी : मी विषय काढला तेव्हा कंबर दुखत होती. त्याच्या आधी फोन दुखत होता. वर वर सरकत मानेपर्यंत आलंय. आता डोक्यात शिरलं की लागेल बोर्ड.

बाबा : तुमच्या मशीनचा पट्टा काल मी बसवून दिला, तेव्हा नव्हती दुखत कंबर.

मावशी : म्हणून तर म्हणते, सोयीने दुखते.

लेक : मावशी, हा डबा बघा.

मावशी : कुठला? अगं बाई. हा... हा किल्लीताईचा डबा.

लेक : ही बटणं तुमची ना?

मावशी : बटणासारखी बटणं. जगात काय मीच एकटी बटणं लावते?

लेक : काळी, जाड, चार भोकांची. कोटाची. आणि कोट शिवणं तुम्ही कधीच सोडलंत. तयार कोट मिळायला लागले तेव्हाच.

मावशी : तीच ती. उरलेली होती बरणीभर. वाया कशाला घालवायची?

लेक : म्हणून डब्यात टाकलीत.

मावशी : म्हणून... बघा हो, ही तुमची लेक कशी बोलते. हिला तुम्ही पोलिसात घालायला हवं होतं.

बाबा : थांबा जरा. एवढी बटणं तुम्ही टाकलीत?

मावशी : मग कोण टाकणार? एक बटण म्हणजे मी तुमचं देणं लागते. लागत होते, म्हणून टाकलं.

बाबा : कोणाचं देणं?

मावशी : गिऱ्हाइकाचं.

बाबा : कुठल्या गिऱ्हाइकाचं?

मावशी : आता प्रत्येकाचं नाव-गाव सांगू का? येतात, जातात. तुम्ही चाकाखाली असता, तुम्हाला काय दिसतं? आणि माझंच काय विचारताय? हे छर्रे कोणी टाकले? उंदरांनी?

बाबा : छर्रे जुने आहेत.

मावशी : जुने? चमकतायत बघा. तेलसुद्धा सुकलेलं नाही. माझी बोटं बघा.

लेक : नवीनच आहेत. तिकडे फडताळात छर्र्यांच्या डब्या असतात ना, त्यातल्या तीन रिकाम्या आहेत.

मावशी : तीन डब्या! अहो सायकलवाले, तुम्ही माझं एवढं देणं लागत होतात आणि मला पत्ताच नाही. मी त्यात बंगला बांधला असता.

बाबा : गिऱ्हाइकं होती.

मावशी : कुठली?

बाबा : येतात, जातात. तुम्ही खाली मान घालून शिवत असता.

लेक : एक मिनिट. टपरीला कुलूप असतं. आईची एक किल्ली माझ्याकडे, एक डाकवाल्याकडे, शनिवारी तोच उघडून देतो. एरवी तुम्ही आत गेलात कसे?

बाबा : माझ्याकडे एक आहे. आजारी पडली तेव्हा तिने मला करून दिली. म्हणाली, कुलूप अधूनमधून उघडत जा, गंजेल.

मावशी : तुम्हाला पण?

बाबा : पण म्हणजे?

मावशी : मला पण दिली. हेच म्हणाली, कुलूप गंजेल. आणि म्हणाली, सायकलवाल्यांना सांगू नका, त्यांना वाटेल माझा विश्वास नाही.

बाबा : मला म्हणाली, बाईंना सांगू नका, उगाच त्यांच्या अंगावर जबाबदारी येईल.

लेक : दोघांना दोन किल्ल्या. आणि एकमेकांना पत्ता नाही.

मावशी : बनेल होती हो किल्लीताई. आत्ता कळतंय.

बाबा : होतीच. मला लग्नाच्या दिवशीच कळलं होतं.

लेक : म्हणजे असं झालं. मावशी गुपचूप जाऊन बटणं टाकतात, मी तुमचं देणं लागते म्हणून. बाबा गुपचूप जाऊन छर्रे टाकतात, मी तुमचं देणं लागतो म्हणून. गिऱ्हाईक कोणी नाही. बाबा, आमच्याकडे असं झालं ना, तर भिंतभर पडद्यांवर लाल दिवे लागतील. आणि लोक लबाडी करतात ती घेणं वाढवायला. देणं वाढवायला लबाडी करणारे तुम्ही दोघंच मी बघितलेत.

बाबा : म्हणून दर शनिवारी जवळजवळ बरोबर सुटायचं. मी मनात म्हणायचो, बाईंचा व्यवहार किती चोख.

मावशी : आणि मी म्हणायची, या माणसाकडे अजून एवढी गिऱ्हाइकं येतात आणि माझ्याकडे वळती होतात, तर ती रस्ता ओलांडताना दिसत कशी नाहीत? मला वाटलं, माझा चष्मा बदलायला झाला.

लेक : बरं, दर आठवड्याला चार-दोन टाकलीत, ते समजलं. पण या आठवड्यात काठोकाठ? मावशी?

मावशी : मला काय विचारतेस. वडिलांना विचार.

लेक : बाबा?

बाबा : तू फोनवर म्हणालीस ना, या वेळी येते तेव्हा बोर्ड लावूनच जाणार.

लेक : म्हणाले. मग?

बाबा : मग बोर्ड लागला की पैसे थेट खात्यात. वळतं करायचं काही उरत नाही. म्हणजे उद्याचा शनिवार शेवटचा. तर म्हटलं... जरा जास्त मोजायला असेल, तर जरा वेळ लागेल.

मावशी : मी पण तेच म्हटलं. बरणी आणली आणि उपडी केली. म्हटलं, होऊ दे उशीर.

लेक : मावशी, तुम्हीच तर त्यांच्या मागे लागला होतात बोर्ड लावा म्हणून.

मावशी : लागले होते, कारण यांचं गिऱ्हाईक तुटायला लागलं. मला दिसतं खिडकीतून. म्हणून दिवसा म्हणायची, लावा. आणि रात्री वाटायचं, नको लावू दे बाई. मग माझा शनिवार कुठे जाईल? हिशोब नसताना मी इकडे येऊन बसले, तर गल्लीतली माणसं मला विचारतील, काय काम?

बाबा : विचारतील. डाकवाला पहिला विचारेल.

मावशी : तुम्ही तरी सांगायचं होतंत, की बोर्ड नको, शनिवार हवा.

बाबा : असं कसं सांगणार?

मावशी : तोंडाने.

बाबा : माझ्याकडे दुकान बंद केल्यावर काम काय असतं? घरी जायचं. घर चांगलं आहे, काही बिघडलेलं नाही. सगळं जागच्या जागी. पण तिथे कोणी भांडत नाही. शनिवारी बाई येतात, तासभर भांडतात, बरं वाटतं.

मावशी : मी भांडते?

बाबा : नाही. मी एकटाच भांडतो तासभर. तुम्ही ऐकता.

मावशी : ऐकलंस ना? म्हणजे हे घरात जाऊन सांगत असणार सगळ्यांना, शिंपीण भांडकुदळ.

बाबा : घरात कोण आहे सांगायला?

लेक : बाबा, मावशी, मला बोलू द्या जरा. तुम्ही दोघांनी अर्धंच ऐकलंय. म्हणजे मी अर्धंच सांगितलं. गिऱ्हाइकाचे पैसे लगेच पोचतात, हे खरं. त्याला थांबावं लागत नाही. पण बँकांचं काम तिथे संपत नाही.

मावशी : का? पोचले ना?

लेक : डाकवाल्याच्या बँकेने त्याच्या खात्यातून कमी केले. बाबांच्या बँकेने यांच्या खात्यात वाढवले. पण या बँकेने त्या बँकेला अजून काही दिलंय का? नाही. केंद्राने फक्त 'धरलं' म्हटलंय. असे दिवसभर लाखो व्यवहार. याने त्याला, त्याने याला. केंद्र सगळं मोजत राहतं.

बाबा : बटणं आणि छर्रे.

लेक : बटणं आणि छर्रे. आणि मग ठरलेल्या वेळी त्या सगळ्या बँकांची फिटाफीट होते. एकमेकांचं एकमेकांत वजा करायचं आणि उरेल तेवढंच द्यायचं. सगळ्या बँकांची मिळून एक मोठी बँक असते, तिथे त्यांची खाती असतात, त्यातून इकडचं तिकडे होतं. आम्ही त्याला बैठकच म्हणतो.

मावशी : एवढ्या मोठ्या बँका. त्या का नाही लगेच देऊन टाकत?

लेक : प्रत्येक पंक्चरसाठी मोठी तिजोरी उघडायची, तर दिवसभर तेच करत बसावं लागेल.

बाबा : म्हणजे बँकासुद्धा बसतात.

लेक : बसतात.

बाबा : खुर्च्या टाकून?

लेक : यंत्रंच बसतात हो, बाबा. पण बसावं लागतं. न बसता चालतच नाही.

मावशी : चहा?

लेक : तो आम्ही पितो.

बाबा : मला वाटलं होतं, हे नवीन आलं म्हणजे बसायचं संपलं.

लेक : गिऱ्हाइकासमोरचं संपलं. मागचं नाही संपत. चला, आता खरंच बोर्ड लावू. आणि एक व्यवहार करून बघू. मावशी, तुमचा फोन?

मावशी : हा घे. थांब, हात पुसते. किती देऊ?

लेक : एका पंक्चरचे.

बाबा : त्यांच्याकडे सायकल नाही, पंक्चर कसलं?

मावशी : काल पट्टा बसवून दिलात त्याचे धरा.

बाबा : त्याचे पैसे मी घेणार नाही.

मावशी : घ्यावे लागतील. आता छर्रे टाकून फिटवता येणार नाही.

लेक : बाबा, एक लक्षात ठेवा. पैसे घेताना तुम्ही काहीच करायचं नाही. गुप्त आकडा टाकायचा तो फक्त देताना. कोणी फोन करून म्हणालं, तुम्हाला पैसे पाठवतोय, तुमचा आकडा टाका, तर फोन ठेवून द्यायचा.

मावशी : मला आला होता असा फोन. बक्षीस लागलंय म्हणे. म्हटलं, दुकानात ये, तुझं माप काढते. त्यानेच ठेवला.

लेक : आणि एकदा 'धरलं' झालं की परत ओढून घेता येत नाही. म्हणून देणाऱ्याने आधी नाव वाचायचं. वाचा मावशी.

मावशी : वाचते. हे काय? हे कोणाचं नाव आहे?

बाबा : माझं.

मावशी : हे तुमचं नाव? इतकी वर्षं समोर बसते आणि मला हे माहीत नाही. अगं, हे तर एखाद्या राजाचं...

बाबा : कोणाला सांगू नका.

मावशी : आता काय सांगायचंय? बोर्डासमोर फोन धरेल त्या प्रत्येकाला दिसणार. डाकवाला आता तुम्हाला मुजरा करेल.

लेक : थांबा. अजून आकडा टाकू नका. आपण हे आईसारखं करू.

(लेक टपरीतून आईचं स्टूल आणते, दोन दुकानांच्या मधे कोपऱ्यावर ठेवते आणि त्यावर बसते. डबा मांडीवर. मावशी फोन घेऊन रस्ता ओलांडून आपल्या दारात जाऊन उभ्या राहतात.)

लेक : मावशी, याचे तुमच्याकडे आहेत का?

मावशी : आहेत!

लेक : बाबा, घेताय का?

मावशी : काय झालं गं? बोलत का नाहीत?

लेक : बाबा. घेताय का? उत्तर आलं नाही तर परत जातील.

मावशी : परत घेऊ का? इकडे मेलेत बहुतेक!

बाबा : घेतो. घेतो म्हटलं.

लेक : टाका मावशी आकडा. टाकलात? धरलं.

मावशी : अगं बाई, केवढ्याने ओरडला तो स्पीकर! इथपर्यंत ऐकू आला. बाद कानवाल्यांसाठीच बनवलेला दिसतोय.

लेक : झालं बाबा. बघा, तुमच्या फोनवर पण आलं.

बाबा : दिसलं.

लेक : काय झालं? बरोबर नव्हतं?

बाबा : बरोबर होतं. ती 'धरलं' म्हणताना शेवटी आवाज जरा वर न्यायची. कोणी हरकत घेऊन बघा, असा.

लेक : माहितेय. मला जमत नाही तो.

बाबा : जमेल. तिलाही सुरुवातीला जमत नव्हता.

मावशी : मी येते हो परत, रस्त्यावरून ओरडून घसा बसला माझा. पाणी दे गं जरा. पण मला एक सांग, पोरी. तुमच्या बँका बसतात, तुझं म्हणणं पटलं. आम्ही बसू. पण गिऱ्हाइकं आता थेट देणार. मग आम्ही डब्यात बटणं टाकायची ती कशाची?

लेक : आत्तापर्यंत कशाची टाकत होतात?

मावशी : पाणी आणतेस ना?

बाबा : पाणी दे त्यांना आधी.

लेक : हे घ्या मावशी. मी बॅग भरते आता. स्टूल आत ठेवू का, बाबा?

बाबा : राहू दे तिथे.

मावशी : ऊन लागेल त्याला.

बाबा : लागू दे. आणि बाई, उद्या जरा लवकर या. डबा काठोकाठ आहे.